बाबांनी बांधलेलं बाथरूम

घर विकून आठ महिने झाले, तरी त्या घरानं थोरलीची पाठ सोडली नव्हती. विकलं होतं बाबांनी, पण फोन यायचे तिला. बाबा "राँग नंबर" म्हणून खुशाल ठेवून द्यायचे.

घर घेतलं होतं एका नर्सबाईंनी. एके दिवशी ड्यूटीवरून येऊन त्या चहा टाकायला गेल्या, तर स्वयंपाकघराच्या छताचा हातभर तुकडा ओट्यावर पडलेला. वर बाबांनी स्वतः बांधलेलं बाथरूम होतं. नर्सबाईंनी इंजिनियर आणला. त्यानं फरशी उकरून पाहिली. पाण्याचा उतार उलटा होता, आणि पाइप जावा म्हणून खालची लाकडी तुळई चक्क अर्धी कापलेली. नगरपालिकेत विचारलं, तर परवानगी सोडाच, त्या बाथरूमची नोंदही नव्हती.

थोरलीनं विक्रीचे कागद काढले. 'विनापरवाना बांधकाम केले आहे काय?' या प्रश्नापुढे बाबांच्या ठसठशीत अक्षरात उत्तर होतं : नाही.

"बाबा, हे काय लिहून ठेवलंय?"

"मग? विनापरवाना म्हणजे चोरून. मी दिवसाढवळ्या बांधलं. अख्खी गल्ली बघत होती."

हसावं की रडावं, थोरलीला कळेना. बाबांनी कारखान्यात तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं, तेव्हा जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला येते असा त्यांचा पक्का समज. आई होती तोवर हातातला हातोडा काढून घ्यायची. ती गेल्यावर त्यांना आवरणारं कुणी उरलं नाही. धाकट्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, तुझंच ऐकतात ते." हे धादांत खोटं होतं.

नर्सबाईंची नोटीस आली, तशी थोरली वकील गाठून आली. वकिलानं बाबांना समोर बसवून पढवलं. "तुम्हाला दोष माहीत होता, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय तोंडही उघडायचं नाही. कळलं?"

"कळलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

कोर्टात जाण्याआधी एकदा समोरासमोर बसू, असं ठरलं. सगळे वकिलाच्या ऑफिसात जमले. अर्धा तास बाबा शहाण्यासारखे गप्प होते. थोरलीला वाटलं, सुटलो. तेवढ्यात इंजिनियर फोटो दाखवत म्हणाला, "कुठल्या तरी अडाणी गवंड्यानं केलंय हे."

बाबा ताडकन उठले. "अडाणी कुणाला म्हणता? मी केलंय! तुळई कापताना मलाही धाकधूक होतीच, म्हणून तर खालून लोखंडी पट्टी मारली. दिसली नाही का ती?"

वकिलानं पेनाचं टोपण लावलं. थोरलीनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं तर," नर्सबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त होता. "आजोबा, रोज त्याच्याखाली उभी राहून मी स्वयंपाक करत होते."

बाबा खाली बसत म्हणाले, "मी करून देतो दुरुस्त. येत्या रविवारी येतो."

"नको!" नर्सबाई, इंजिनियर आणि थोरली एकदमच ओरडले.

अखेर तडजोड झाली. बाथरूम पाडायचं, तुळई बदलायची, स्वयंपाकघर पूर्ववत करायचं. खर्च सगळा बाबांचा, आणि बाबांनी हत्याराला हात लावायचा नाही. ही शेवटची अट वकिलानं वेगळ्या कलमात लिहून घेतली.

थोरली बाबांना गाडीतून घरी घेऊन निघाली. तिनं मनात चांगली तासभर पुरेल एवढी खरडपट्टी जुळवून ठेवली होती.

सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "उतार उलटाच झाला होता गं. फरशी बसवल्यावर पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझी आई असती, तर तिला सांगितलं असतं."

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवू लागला. थोरलीनं गाडी पुढे काढली. राग तर अजून होताच, पण आता तो काढायचा कुणावर, हेच तिला सुचेना.