मुकी पट्टी

साळूनं कर्कटकाचं टोक पितळेच्या पातळ जिभेखाली सरकवलं आणि श्वास रोखून धरला. जोंधळ्याचं एक तूस तिथं घट्ट अडकून बसलं होतं, वर्षानुवर्षांच्या धुळीनं काळं पडलेलं. ते निघालं तशी तिनं फुंकर मारली, पेटीचा फळा पुन्हा जागेवर बसवला आणि एका हातानं भाता हलवत पाचवी काळी पट्टी दाबली. अख्खं गाव जिला मुकी पट्टी म्हणायचं ती स्वच्छ बोलली. साळूनं दचकून बोट काढलं. आई खुरपणीहून यायला अजून अवकाश होता, पण भिंतीपलीकडच्या मनुबाईचे कान फार तिखट होते.

भजनी मंडळाची ही पेटी गावातल्या चौदा घरांत आठवड्याच्या पाळीनं फिरायची. घरात आली की तिला पाटावर ठेवायचं, धुतल्या धोतरानं झाकायचं, हळदकुंकू वाहायचं आणि बायकापोरांनी तिला हात लावायचा नाही. बारा वर्षांपूर्वी ती पट्टी मुकी झाली, तेव्हा ती नक्की कुणाच्या आठवड्यात झाली यावरून दोन घरांचं जे बोलणं बंद झालं ते अजून बंदच होतं. त्यावर मंडळाच्या नाथाजीनं नेम घालून दिला. इथून पुढं पेटी ज्याच्या घरात बिघडेल त्याच्याच घरात राहील, नीट होईपर्यंत पुढच्या घरी जाणार नाही. बिघडलेली पेटी घरात ठेवून गावातून हिंडणं म्हणजे कापल्या नाकानं हिंडणं. तेव्हापासून पेटी उघडायची छाती कुणाचीच झाली नाही, दुरुस्तीलासुद्धा नाही.

धोंडिराम पलटणीतून सुटून आला आणि पेटी वाजवायला बसला, तेव्हा ही पट्टी टाळायला त्याची बोटं शिकली. त्याच्या बोटांमागून गाव शिकलं. एका अभंगाची चाल त्या पट्टीच्या जागी आली की एक पायरी गाळून खाली उतरायची आणि सगळे तिच्यामागं निमूट उतरायचे. कुणाला काही खटकत नव्हतं. दहा वर्षांच्या साळूलाही दिवाळीपर्यंत खटकलं नव्हतं.

दिवाळीत ती इस्लामपूरजवळ मामाच्या गावी गेली. तिथल्या देवळात तोच अभंग, तीच चाल लागली. पण त्या जागी आल्यावर चाल उतरलीच नाही. एक पायरी वर चढली, क्षणभर थांबली आणि मगच खाली आली. आपल्या गावात इतकी वर्षं काहीतरी राहून जातंय आणि कुणालाच पत्ता नाही, हे तिला सहन होईना. घरी परतल्यावर तिचं कशात लक्ष लागेना. भाकरी थापताना परातीच्या काठावर, शाळेत पाटीच्या लाकडावर तिची बोटं ती पायरी चढून यायची. अंगात किडे पडलेत का, म्हणून भामाबाई, तिची आई, तिला दोनदा बडवून मोकळी झाली. पेटीची पाळी पुन्हा घरी यायची वाट बघताना चौदा आठवडे म्हणजे किती हे साळूला त्या हिवाळ्यात समजलं.

आणि आता पट्टी बोलत होती. उद्या गुरुवार. उद्या धोंडिराम पेटी वाजवणार आणि सगळ्या गावाला ती जागा ऐकू येणार, या आनंदात ती संध्याकाळी जेवलीसुद्धा नाही.

गुरुवारी तिन्हीसांजेला मारुतीच्या देवळात भजन उभं राहिलं. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर पायऱ्यांवर. तिसरा अभंग तोच होता. साळू आईला चिकटून बसली होती. चाल चढत चढत त्या जागी आली आणि धोंडिरामाचं बोट त्या पट्टीवरून सवयीनं पलीकडं गेलं. पुन्हा तीच ओळ आली, पुन्हा तेच झालं. पट्टी बोलती झाली हे त्याला कळणारच नव्हतं. तो ती कधी दाबणारच नव्हता, ना या गुरुवारी, ना पुढच्या. तिला एकदम रडू फुटलं. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा सगळं मंडळ खाली उतरलं आणि पायऱ्यांवरून एकटा, बारीक, थरथरता आवाज वर चढला.

माना वळल्या. भामाबाईनं मांडीला असा चिमटा काढला की साळूला ब्रह्मांड आठवलं. पोर चुकली, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. धोंडिराम हसला नाही. त्यानं मान वाकडी करून कान दिला होता, आवाज थांबला तरी. मग चौथ्यांदा ओळ आली आणि त्याचं बोट, कसं कोण जाणे, त्या काळ्या पट्टीवर जाऊन टेकलं.

पेटी बोलली. निम्मे गडी सुराबरोबर वर गेले, निम्मे सवयीनं खाली आले, टाळकऱ्यांचे हात चुकले आणि रंगात आलेलं भजन उताण्या गाडीसारखं कोसळलं.

नाथाजीनं वीणा खाली ठेवली.

"काय झालं रं, धोंडिराम?"

"पेटी बिघडलीया."

"कशानं?"

"मुकी पट्टी बोलाय लागलीया."

सभामंडपात कुणाला हसावं की घाबरावं समजेना. धोंडिरामानं ती पट्टी पुन्हा दाबून दाखवली. भजन मोडलं ते सगळ्यांनी ऐकलंच होतं, त्यामुळं पेटी बिघडली याबद्दल दुमत झालं नाही.

"हप्ताभर कुणाकडं व्हती?" नाथाजीनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊकच होतं.

साळूचा बाप सयाजी उभा राहिला. धोंडिरामानं पायऱ्यांकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली.

"नेम तुमीच घातलाय, आवं. नीट हुईस्तवर सयाजीच्याच घरात."

भामाबाई घरी येईपर्यंत वाटभर बोलत होती. साळूनं आपण काय केलं ते रडत रडत सांगून टाकलं, तेव्हा पुन्हा पेटीजवळ दिसलीस तर हात मोडून चुलीत घालीन, असं तिनं बजावलं. साळूला हाताचं काही वाटत नव्हतं. धोंडिरामकाकांनी आपल्या बापाला चारचौघांत मान खाली घालायला लावली, हेच तिला सलत होतं. त्यांनी सूर ओळखला होता, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. मग असं का केलं, याचं उत्तर तिला रात्रभर सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर धोंडिराम आला. दुरुस्तीला लय येळ लागंल, रोज येऊन बघावं लागंल, असं त्यानं उंबऱ्यातूनच सांगितलं. सयाजीनं त्याला घोंगडं टाकलं. धोंडिरामानं पेटीवरचं धोतर काढलं, पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि आपल्या बोटांना आता वळण लागायचं नाही, बारीक बोटाचं कुणीतरी पायजे, असं भामाबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. भामाबाई चुलीपुढं होती. तिनं नुसतं एक लाकूड आत सारलं.

"पोरी, हिकडं ये. भाता धर."

पेटी त्या घरात तीन वर्षं होती. दर गुरुवारी देवळात जायची आणि भजन संपलं की बिघडलेली म्हणून परत यायची. एव्हाना सगळं मंडळ ती पायरी चढूनच अभंग म्हणत होतं आणि आपण कायमच असा म्हणत आलोय, असं नाथाजी छातीठोकपणे सांगत असे. दुरुस्ती कुठवर आली, हे विचारायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मग एका जूनमध्ये सयाजीनं साळूला शिकायला साताऱ्याला मावशीकडं धाडलं. बहिणीच्या शेजारी एक गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात, हे भामाबाईनंच त्याच्या कानावर घातलं होतं. कोरेगावाकडून साताऱ्याला जाणारी एसटी साळूला घेऊन गेली, त्याच दुपारी धोंडिरामानं पेटी उचलली आणि पुढच्या घरी नेऊन दिली. दुरुस्त झाली म्हणाला.