बोटभर तुकडा

उदारामने सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी दाताने फाडली, वायरीच्या पिलगाच्या पितळी टोकाला गुंडाळली आणि चाचणीच्या पेटीतल्या तिसऱ्या भोकात दाबली. काटा उठला, थरथरला आणि परत पडला.

"हो गया?" मागून मुन्नालाल मिस्त्रीने विचारलं.

"होऊन रायलं."

"सुबह से यही सुन रहा हूँ."

जंक्शनच्या तारघरातली ती एकुलती एक पेटी. डोंगरगडची तार, बालाघाटची, नागभीडची. जी तपासायची तिचा पिलग भोकात घालायचा, काटा बघायचा, उपसून दुसरा घालायचा. दिवसातून चाळीस वेळा. आणि उपसायचा कसा, तर वायर धरून, अडलेल्या गोऱ्ह्याला दावं हिसडावं तसा. भोकं सैल पडली होती. सैल पडलं की उदाराम पिलगाचं चिरलेलं टोक चाकूने फाकवायचा. ते घट्ट बसायचं आणि भोक आणखी मोठं करून ठेवायचं. त्यात दर सोमवारी मुन्नालाल चिंच लावून सगळं पितळ घासून घ्यायचा. साहेबाला चमक दिसली पाहिजे. नवं भोक बसवायचं तर पेटी कलकत्त्याला पाठवावी लागे, आणि लढाईच्या दिवसांत गेलेली पेटी परत येईल याची खात्री खुद्द साहेबालाही नव्हती.

गेल्या महिन्यात काट्याने तार तुटल्याचं दाखवलं. तार जोडणारी गँग भर उन्हात आमगावपर्यंत पायी गेली. तार साबूत होती. साहेबाने उदारामला समोर उभं केलं आणि एवढंच म्हटलं, पुन्हा असं झालं तर बदली, दरेकसा.

दरेकसा म्हणजे डोंगर, जंगल आणि हिवताप. तिथल्या मागच्या तारवाल्याचं लेकरू तापात गेलं होतं. उदारामची पोरगी आठ महिन्यांची होती.

दुपारी तो जेवायला क्वार्टरवर आला तेव्हा शामकला स्टुलावर चढून पाळणा टांगत होती. खोली एकच, चुलीपाशी वावरायचं तर पाळणा काढावा लागे, पोरगी पेंगली की परत लावावा लागे. छताच्या आडव्या मयालीला दोरी होती आणि दोरीच्या टोकाला जुन्या लुगड्याच्या चिंधीचा फास, कळकट, सुतं निघालेला.

आधीच पेटलेला उदाराम तिथेच भडकला.

"कामठ्याच्या बाजारातून एवढी चांगली दोरी आणून देल्ली. तिले हे चिंध्या कायले लटकवल्या?"

"दोरी पाहा बरं, कशी आहे."

त्याने पाहिलं. दोरी आणल्या दिवसासारखी नवी होती.

"दिवसातून धा खेपा काढा, धा खेपा लावा," शामकला उतरत म्हणाली. "तुमच्या दोरीले मी हातच लावून नाही रायली. काढते-लावते ते चिंधीतून. ते झिजली का दुसरी बांधतो. चिंधीले कोन रडते? आता हात धुता का तसेच उभे रायता?"

उदाराम तसाच उभा राहिला. भात निवला. पोरीच्या मुठीत त्याचं बोट होतं. ते सोडवून घेताना तो हलकेच स्वतःशी हसला आणि तडक तारघरात गेला.

अडगळीत एक मेलेली पेटी पडून होती. तिच्या भोकांच्या पितळी नळ्या त्याने करवतीने कापून काढल्या, प्रत्येकीच्या बुडाला जुन्या पिलगाचं टोक डाख देऊन झाळलं. बोटभर लांबीचे आठ तुकडे झाले. एकेक तुकडा पेटीच्या एकेका भोकात घट्ट ठोकून बसवला, झिजेपर्यंत न काढायला. आता पिलग घालायचा-हिसडायचा तो तुकड्यात. पेटीच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही.

"ये क्या, लंगूर की पूँछ?" मुन्नालाल म्हणाला.

"घासा आता चिंच लावून," उदाराम म्हणाला. "किती घासता ते."

दीड महिना काटा एकदाही खोटं बोलला नाही. दोन तुकडे झिजले; उपटून दुसरे बसवले. मग साहेब आला. त्याने आठही ठिकाणी पिलग घातला, काढला, एक तुकडा उपटून आतलं भोक निरखलं. मान डोलावली. मुन्नालालला इंग्रजीत काही बोलला. ते हिंदीत सांगताना मुन्नालालने पहिल्यांदाच उदारामकडे बघायचं टाळलं.

घरी येऊन उदाराम टोपीही न काढता पोरीला मांडीवर घेऊन बसला.

"सायब रागावला?" शामकलाने विचारलं.

"नाही. खुश झाला."

"मंग?"

"म्हणे, दरेकसाची पेटी याहून खराब आहे. असा माणूस तिथंच पायजे."

शामकलाने तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"करून द्या ना तुकडे. लावा अन् या वापस."

"ते झिजतेत, शामकला. बदलायले माणूस तिथंच लागते."

ती सूप परत उचलत म्हणाली, "सांगाचं होतं सायबाले, बायकोनं शिकवलं म्हणून. मंग माहीच बदली झाली असती."

उदारामला हसू आलं नाही. "तुमी दोघी इथंच राहा. पोट्टीले त्या हवेत..."

"तुमाले ताप आला का पाणी कोन देईन?"

त्याने पोरीचं कपाळ उगाचच हाताने चाचपलं. थंड होतं.

शामकलाने स्टूल ओढलं, वर चढली. पाळणा नेहमीसारखा चिंधीतून काढला. मग मयालीवरची गाठ दातांनी सैल केली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोरी सोडली. चिंधी तिने दोरीतून उपसून चुलीत टाकली. आणि दोरी हातावर नीट गुंडाळत, खाली न बघताच म्हणाली,

"जुनं लुगडं वर ठेवा बोचक्यात. तिकडं लागंन."