लेख गेला, मी उरलो

मी एक आवाज बोलतोय. माझं एकूण वय बहात्तर सेकंद. त्यातली पहिली साठ सेकंदं मी ‘न’ या एका अक्षराशी झुंजतो, आणि जगात माझी जी काही कीर्ती आहे ती तेवढ्यावरच. मला शेवटपर्यंत ऐकून घेणारं एकच माणूस आजवर भेटलं. त्यानेच माझी शिक्षा कायम केली, पण ते मागाहून सांगतो.

माझा जन्म बाथरूमच्या दाराबाहेर झाला. आत नळ सोडून धाकटा उभा होता. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो सहा वर्षं काचा घासत होता. हात असा की काच फ्रेममध्ये बसवली की पुन्हा काढावी लागायची नाही. बोलताना मात्र अडखळायचा. मालकाने त्याला सांगितलं होतं की पुढच्या काउंटरवर माणूस हवा आहे, आठवडाभर उभा राहून बघ. म्हणून तो आरशासमोर सराव करत होता: “नमस्कार. काय दाखवू आपल्याला?” कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडलेला.

बाहेर त्याची ताई फोन धरून उभी होती. ताई ब्लॉग लिहायची. घरातल्या गमतीजमती, शेजाऱ्यांच्या खोड्या, असलं काहीबाही. लोकांना ते आवडायचं आणि लोकांना आवडतं हे तिला आवडायचं. धाकट्यावर तिचा जीव होता. मी तिची बाजू घेत नाही. उलट जीव असलेली माणसंच अशी थट्टा करू शकतात, कारण बाथरूमच्या दारापर्यंत परक्याला कोण येऊ देतं?

‘आमच्या घरातला सेल्समन’ असा लेख तिने लिहिला आणि खाली मला जोडलं. दोन दिवसांत लेखाखाली हसण्याचा पूर आला. मग कोणा एका उत्साही वाचकाने लेखाला बगल देऊन माझा वेगळा पत्ता शोधून काढला, म्हणजे थेट मला वाजवणारी लिंक. ‘वाचत बसू नका, नुसतं हे दाबा,’ असं लिहून त्याने ती गावभर वाटली. ताईला याचा पत्ताच नव्हता.

काउंटरवरचा तिसरा दिवस. धाकटा एका बाईंना फ्रेम दाखवत होता. दोन दिवसांत जीभ थोडी सुटली होती, त्या दिवशी तर एक अख्खं वाक्य सरळ गेलं होतं. तेवढ्यात शेजारच्या जुन्या सेल्समनने फोन काढला आणि मला मोठ्याने वाजवलं. बाई हसल्या. मग त्यांनी समोरच्या तोंडाकडे पाहिलं, आवाज ओळखला आणि हसू गिळलं. ते गिळणं त्याला जास्त लागलं. मालक माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला की प्रकरण निवेपर्यंत आत बस. ते निवलं नाही.

संध्याकाळी धाकटा ताईच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काय झालं ते तिला सांगायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा मध्ये न हसता ऐकत होती. तिचा चेहरा पडला. त्याच्या देखत तिने लेख कचरापेटीत टाकला, कचरापेटी रिकामी केली. फोनमधली प्रतही पुसली. “घे, मुळासकट गेलं,” ती म्हणाली. तो जेवला, झोपायला गेला.

इथेच घोडं पेंड खातं. लेख म्हणजे आमचं घर, असं माणसांना वाटतं. लेख ही नुसती दारावरची पाटी. पाटी उतरवली म्हणून आतलं माणूस मरत नाही. लेख काढला तरी त्याला जोडलेली चित्रं, आवाज आपोआप निघत नाहीत. ती वेगळ्या साठ्यात असतात आणि तिथूनच वेगळी पुसावी लागतात. ताईने तो साठा कधी उघडून पाहिलाच नव्हता. माझ्या नावापुढे फक्त ‘कोणत्याही लेखाला जोडलेलं नाही’ एवढा शेरा पडला. मी अनाथ झालो, पण पत्ता तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी पुन्हा वाजलो, आणि तिसऱ्या दिवशीही. धाकटा घरी आला तो सरळ ताईकडे.

“प-परत टाकलंस?”

“आईची शपथ, काढलंय रे. हे बघ, आहे का कुठे?”

तिने अख्खा ब्लॉग त्याच्यापुढे धरला. लेख नव्हताच. म्हणजे ताई आपल्याला काढलेलं दाखवते एकीकडे आणि वाजवायला देते दुसरीकडे, असं त्याने मनाशी धरलं. भांडायला तोंड लागतं आणि त्याचं तोंड त्याला साथ देत नव्हतं. त्याने बॅग भरली. दूरच्या शहरात दुसऱ्या चष्म्याच्या दुकानात काम धरलं. घरी फक्त लिहून कळवायचा: पोचलो, बरा आहे, काळजी नको. ताईचे फोन त्याने कधी उचलले नाहीत.

तीन वर्षं गेली. एका दुपारी ब्लॉगवर सूचना आली की जागा भरली, नको ते काढा. ताईने पहिल्यांदा साठा उघडला आणि तिथे मी पडलेला, खायला काळ नि भुईला भार. तिचा हात ‘कायमचं हटवा’वर गेला. मी मनात म्हटलं, दाब बाई, सुटू दे एकदा.

तिने आधी मला वाजवलं. इतरांसारखं विसाव्या सेकंदाला बंद केलं नाही. साठावं गेलं. सहासष्टाव्या सेकंदाला धाकट्याने नळ बंद केला, श्वास घेतला आणि एकदाही न अडता म्हणाला, “नमस्कार. काय दाखवू आपल्याला?” मग स्वतःशीच हसला. ताईने हे कधी ऐकलंच नव्हतं; त्या दिवशी दाराबाहेर ती हसू दाबण्यातच गुंतली होती. ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. त्याचा दुसरा आवाज तिच्याजवळ नव्हता. तिने डोळे पुसले आणि हात मागे घेतला.

“राहू दे. लेखच नाही, आता तुला कोण ऐकतंय?”

ताई, त्याच दुपारी त्या दूरच्या दुकानात कोणीतरी मला वाजवलं. तिथे तुझ्या भावाने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं, ‘मी मुका आहे.’ त्यामुळे आवाज कोणाचा हे कोणालाच कळलं नाही. सगळे पोट धरून हसत होते. एकाने फोन त्याच्या कानाला लावला. “ऐक रे. याच्यापेक्षा तू सुखी, तुला बोलावं तर लागत नाही.”

आणि तोही हसला, ताई. सगळ्यांबरोबर, विसाव्या सेकंदापर्यंत.

तुला मी हवा असेन तर मला मनात ठेव. पण ते बटण दाब.