भुजंगचं पान

लातूर जिल्हा झाला, साखराबाईच्या नवऱ्याला नव्या कलेक्टर कचेरीत शिपायाची नोकरी लागली, तशी ती भुजंगला घेऊन शहरात आली. भुजंग तिचा एकुलता एक. तिशीचा गडी, समज सावकाश, बोलणं मोजकं. शेषेराव मास्तरांनी अशाच मोठ्या पोरापोरींसाठी पत्र्याच्या शेडात कामाची शाळा काढली होती. सकाळी जायचं, दिवसभर पळसाच्या पत्रावळ्या लावायच्या, गठ्ठे बांधायचे, संध्याकाळी घरी.

त्यात पडला दुष्काळ. ताटं घासायला पाणी कुठून आणणार? लग्न म्हणू नका, बारसं म्हणू नका, जो तो पत्रावळ्या मागायला लागला. आता दुष्काळाला बरं म्हणावं तर जीभ झडेल, पण शेडात कामाला उसंत न्हाई, हेही खरंच की! भुजंग तर सकाळी चहा पोटात जायच्या आतच दाराशी उभा. "माय, कामाला उशीर व्हायलाय."

अशात कंधारला साखराबाईच्या भावाच्या, धोंडप्पाच्या, पोरीचं लग्न निघालं. पत्रावळ्या अर्थातच भाच्याच्या शेडातल्या. एसटीच्या टपावर गठ्ठे चढवून मायलेकरं लग्नाला पोचली.

अक्षता पडल्या, पुरुषांची पंगत मांडली. भावजय उमादेवी हळूच जवळ आली. "वन्सं, भुजंगला मागून वाढू ना? आत ताटली काढून ठेवलीय."

तिचं तरी काय चुकलं? आजवर दर लग्नात साखराबाईनंच तसं सांगितलं होतं. पोरगं सांडेल, मधेच उठेल, लोक हसतील. कुणी बोलायच्या आत आपणच बोलून मोकळं झालं की जिवाला कमी लागतं. पण आज तिचा जीव राजी होईना. कामाला जाणारं लेकरू, ते चुलीमागं का जेवावं?

"न्हाई वैनी. पंगतीत बसू द्या त्याला," ती म्हणाली.

भुजंग बसला बाबा पंगतीत. वाढपी भात घेऊन येतायत तोच उठला! शेजाऱ्याची पत्रावळी उचलली, त्याच्या पलीकडच्याची उचलली, एकावर एक रचत निघाला.

"आरं, आरं! जेवायच्या आधीच पान उचलतो?" एक म्हातारा कडाडला. भरल्या मांडवात पाहुण्याचा याहून मोठा अपमान कोणता? कुणी हसलं, कुणी उठायला लागलं. साखराबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. धावत जाऊन तिनं त्याचा दंड धरला.

"काय करायलास रे?"

"गठ्ठा बांधायचा हाय, माय. समदा माल खाली पसरलाय."

साखराबाईचा हात सैल पडला. एवढ्या पत्रावळ्या लावल्या पोरानं, पण त्यांच्यावर जेवतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? पंगत त्याला दाखवली कुणी? लोक तर पुढं हसले असते. त्याआधीच त्याच्या मायनं त्याला चुलीमागं बसवलं होतं. तिला रडू फुटलं.

तशीच ती पुरुषांच्या पंगतीत फतकल मारून बसली. लाज गेली चुलीत! त्याच्या हातातली एक पत्रावळी ओढून पुढ्यात ठेवली. "वैनी, वाढा मला." भात पडला, वर वरण आलं. तिनं त्याच्या डोळ्यांदेखत घास घेतला. "बघ राजा. हे जेवायला असतं. तू केलेल्या पानावर समदे जेवणार हायत."

भुजंग बघतच राहिला. मग ओळीनं ज्याच्या त्याच्या पुढ्यात पान मांडत गेला. म्हाताऱ्यापाशी थांबून म्हणाला, "जेव. म्या केलंय." म्हातारा आधी बावचळला, मग खो खो हसला. "जेवतो बाबा, जेवतो!"

शेवटचं पान घेऊन भुजंग मायजवळ मांडी घालून बसला. वरणाचा ओघळ पायजम्यावर आला, भात नाकाला लागला, आणि कुणाचं काही अडलं न्हाई.

उमादेवी भात घेऊन परत आली. सवयीनं तिनं साखराबाईकडंच बघितलं. "वन्सं, भुजंगला आणखी वाढू का?"

"मला काय इचारता, वैनी?" साखराबाई म्हणाली. "त्याला इचारा की."