दोघांच्या सहीचं खातं

"चेक चालत नाही हो, काका." दलालाच्या ऑफिसातल्या काउंटरवरच्या बाईंनी चेक बोटानं परत सरकवला. "बँकेचा ड्राफ्ट आणा, नाहीतर खात्यातून थेट ट्रान्सफर करा. रोख आम्ही घेत नाही. कार्ड फक्त नोंदणीच्या फीपुरतं."

"चेकनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"मागे एकाचा वटला नाही, आणि तोवर आठवडा त्याच्या नावावर करूनही झाला होता. विकणारा आमच्या डोक्यावर बसला. तेव्हापासून बंद." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय बरं का. चारच्या आत ड्राफ्ट आणलात तर आठवडा तुमचा."

आठवडा म्हणजे समुद्रकाठच्या एका हॉटेलातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा, वर्षातला एक आठवडा. दर वर्षी तोच आठवडा, तीच खोली. मूळ मालकाला आता नको होता, म्हणून तो स्वस्तात विकायला निघाला होता.

काकांना सगळी वस्ती लिफ्टवाले म्हणायची. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. याच हॉटेलची लिफ्ट एका रविवारी अडकली, तेव्हा ते बायकोलाही बरोबर घेऊन गेले होते. ते तेलात माखत होते आणि मॅनेजरनं तिला बसायला हीच, तेव्हा रिकामी असलेली खोली उघडून दिली होती. चार तास ती खिडकीत बसून होती. परतताना म्हणाली, "एकदा इथं राहायचं. लिफ्ट दुरुस्त न करता."

ते जमलं नाही. हॉटेलकडून थेट आठवडा घ्यायचा तर किंमत ऐकूनच घाम फुटायचा. मग या पावसाळ्यानंतर तिनंच पेपरात ही जुन्या मालकाची जाहिरात शोधली, आणि उशीला टेकून, पाटीवर चेक ठेवून सही केली. चौथ्या दिवशी ती गेली. त्याला आता अठरा दिवस झाले होते.

तिची सही लागायचीच. लग्नानंतर वर्षभरात लिफ्टवाल्यांनी तीन महिन्यांचा पगार एका दोस्ताला कोंबड्या पाळायला दिला होता. दोस्त पसार झाला, कोंबड्या तर कधी आल्याच नाहीत. "भीड भिकेची बहीण," असं म्हणून तिनं दुसऱ्याच दिवशी खातं दोघांच्या सहीचं करून घेतलं. त्यानंतर उसने मागणाऱ्याला लिफ्टवाले ऐटीत सांगत, "माझ्या एकट्याच्या सहीला कुत्रं विचारत नाही."

बँक रस्त्यापलीकडेच होती. खिडकीवर नेहमीचा कारकून होता. त्यांनी ड्राफ्टचा फॉर्म आणि चेक आत सरकवला.

"या, लिफ्टवाले! बऱ्याच दिवसांनी. वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," लिफ्टवाले म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि क्षणभर ती खरंच बरी झाली. घरी असेल, दाराची किल्ली विसरलो म्हणून चिडली असेल. इतकं बरं त्यांना अठरा दिवसांत वाटलं नव्हतं. त्याचीच मग लाज वाटली.

कारकुनानं चेक डोळ्यांजवळ नेला. "वहिनींची सही फार हललीय हो. नियमानं परत करायला हवा."

"हात थरथरत होता तिचा."

"पण सही त्यांचीच ना?"

"तिचीच." हे मात्र खरं होतं.

"मग झालं तर. तुम्हाला काय मी आज ओळखतो? कोणी विचारलं तर मी बघून घेईन. माझी सही टाकतो आणि करून देतो ड्राफ्ट." त्यानं पेनाचं टोपण काढलं.

लिफ्टवाल्यांनी त्या पेनाकडे पाहिलं. दर सहा महिन्यांनी लिफ्टमधल्या कार्डावर 'तपासली' म्हणून सही करायची, हे त्यांचं काम. स्वतः खालपासून वरपर्यंत बसून गेल्याशिवाय त्यांनी ती कधी केली नव्हती. एकदा साहेब म्हणाले, घरी बसून करून टाका. यांनी नाही म्हटलं आणि बढती घालवली. आणि आज हा भला माणूस त्यांच्या शब्दावर डोळे मिटून सही करायला निघाला होता.

"थांबा," ते म्हणाले. "ती नाही आता."

"नाही म्हणजे? कुठं गेल्यात?"

"गेलीच. अठरा दिवस झाले."

कारकुनाचं पेन हातातच राहिलं. "अहो, मग मघाशी..."

"मघाशी तोंडातून गेलं. तुमची नोकरी घालवणार होतो मी."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं चष्मा काढून पुसला. "हा चेक मला घेता येणार नाही, लिफ्टवाले. मृत्यूचा दाखला आणि एक फॉर्म द्या. खातं तुमच्या एकट्याच्या नावावर होईल. पण आठ-दहा दिवस जातील."

दाखला खिशातच होता. रोज सदऱ्याबरोबर तो या खिशातून त्या खिशात जात होता. पावणेचार झाले होते. लिफ्टवाल्यांनी बाजूला होऊन त्या बाईंना फोन लावला.

"माझ्याच्यानं होत नाही. त्या दुसऱ्यांना द्या."

"काका, अजून पंधरा मिनिटं आहेत की!"

"माहीत आहे." त्यांनी फोन ठेवला. खिडकी, समुद्र, तिसरा मजला सगळं दुसऱ्याचं झालं. त्यांना रडू आलं आणि बँकेत उभ्या उभ्या त्यांनी ते गिळलं.

कारकुनानं फॉर्म पुढे केला. "इथं खाली सही करा. आता तुमची एकट्याची चालेल."

लिफ्टवाल्यांनी पेन घेतलं. इतकी वर्षं ती आधी करायची, डावीकडे. सवयीनं त्यांनी तेवढी जागा सोडली आणि उजव्या कडेला, कोपऱ्यात अंग चोरून सही केली.

कारकुनानं त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. त्यानं शिक्का उचलला आणि तेवढी जागा चुकवून तो मारला.