उजवीकडचा फूटरेस्ट

क्षमाचे पाय नेहमी डावीकडे असत. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण नंदकिशोरच्या मोटरसायकलवर ती कधी दुसऱ्या तऱ्हेने बसली नव्हती. साडी नेसलेली कोणती बाई बसते? म्हणून शहाऐंशीच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी, मुलुंडच्या त्यांच्या इमारतीच्या आवारात तो उकिडवा बसून सायलेन्सरला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळताना दिसला, तेव्हा तिला आधी नुसतं बरं वाटलं. गाडीला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना एकेक. डावीकडच्याचा चटका तिच्या घोट्याला एकदा बसला होता, आणि "काहीतरी करतो" असं त्याने तेव्हा सांगितलंही होतं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

काम त्याने मन लावून केलं. दोरीवर भोकं पाडलेला पत्रा, आणि हवा खेळावी म्हणून दोन्हींच्या मधे बोटभर फट. मागच्या सीटवर जास्तीचा फोम, त्यावर नवं रेक्झिन. सगळं तुझ्यासाठी, असं तो म्हणाला.

शेजारच्या सुगंधावहिनी गॅलरीतून कपडे वाळत घालता घालता बघत होत्या. कणकवलीकडच्या, तोंडाच्या फटकळ. "माझ्या घोवान धा वर्सांत सीटीचो कवर बदलूक नाय," त्या म्हणाल्या, "आणि तुजो बघ, सायलेन्सराक कपडे शिवता. लक्ष ठेव गो बाय."

क्षमा हसली. ती औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. कुणी म्हणतं म्हणून काही मानायची तिला सवय नव्हती. पण बुधवारी सकाळी ऑफिसला निघताना तिची नजर गाडीच्या उजव्या बाजूला गेली आणि तिथेच राहिली. त्या बाजूला दोरी दुप्पट होती, पत्राही जास्त रुंद. आणि मागचा उजवीकडचा फूटरेस्ट, जो तीन वर्षं दुमडलेलाच होता, तो उघडा होता. त्यावर फोमची पट्टी बांधली होती आणि पट्टीवर चपलेचा ठसा होता.

म्हणजे मागे कोणीतरी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत होतं.

पुरुष असेल, हे तिच्याही मनात आलं. पण कारखान्यातल्या मित्रासाठी कोणी फोम बांधत नाही. मित्राला चटका बसला तर हसतात. हल्ली मुली सर्रास पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसतात. तिच्याच प्रयोगशाळेत तशा दोघी होत्या. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी नंदकिशोरला ओव्हरटाइम सुरू झाला होता, नेमका त्याच आठवड्यापासून.

ती रोज मीटरचा आकडा लिहू लागली. घर ते भांडुपचा कारखाना आणि परत, दहा किलोमीटरच्या आसपास. मंगळवारी अडतीस. शुक्रवारी सदतीस. पुढच्या मंगळवारी पुन्हा अडतीस. ओव्हरटाइम करणाऱ्याची गाडी जागच्या जागी इतकी चालत नाही.

तिसऱ्या आठवड्यात फूटरेस्टच्या फोमवर पिवळट तपकिरी डाग दिसला. मेंदी? केसांचा रंग? तिने वास घेतला आणि तिला शंका आली. साडीला द्यायला केलेली खळ वाटीभर उरली होती. ती जिन्यावरून खाली घेऊन गेली, बोटाने एक थेंब डागावर ठेवला. थेंब निळा झाला, मग जवळजवळ काळा. आयोडीन.

म्हणजे जखम होती. त्याने जिला फिरवलं तिला चटका बसला असणार, आणि मग हे पत्रे, हे फोम. माझ्या घोट्याला दीड वर्ष लागलं, तिला एका आठवड्यात सगळं मिळालं. खळीची वाटी हातात घेऊन ती बराच वेळ गाडीपाशी उभी राहिली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं. दोघं एकाच कॉलेजातली, त्यामुळे घरात अरे-तुरेच चालायचं.

"तुझ्या गाडीवर मागे कोण बसतं रे?"

"तूच," तो आमटी ओतून घेत म्हणाला. "आणखी कोण बसणार?"

तिने पुन्हा विचारलं नाही. दिवाळी आली, गेली. पाडव्याला दोघं चेंबूरला तिच्या बाबांकडे जाऊन आली. मार्तंडराव एकटेच राहायचे, खुर्चीत बसून होते, पायांवर शाल होती. क्षमा सारा वेळ नवऱ्याचं तोंड बघत होती. तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता, हे तिने बरोबर टिपलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी तिला प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीवरचा आकडा धड वाचता येईना. हे असं आणखी एक वर्ष चालू शकेल, आपण आकडे लिहीत राहू, हे तिच्या लक्षात आलं. ती तासभर लवकर निघाली. बाबांना सगळं सांगायचं आणि पुन्हा मुलुंडला जायचं की नाही ते तिथेच ठरवायचं, असं ठरवून ती चेंबूरला उतरली.

बाबांच्या इमारतीच्या फाटकात ती थांबली. आत गाडी उभी होती.

मार्तंडराव मागच्या सीटवर दोन्हीकडे पाय टाकून बसले होते. नंदकिशोर उजव्या बाजूला जमिनीवर गुडघे टेकून होता. त्याने आधी पत्र्यावर स्वतःचा तळहात ठेवला, मोजल्यासारखा काही क्षण धरला. मग बाबांचा पाय दोन्ही हातांनी उचलून फूटरेस्टवर ठेवला, टाच नीट आत घेतली आणि पट्टा बांधला. पोटरीला बँडेज होतं. ते होत असताना बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. लग्नात याच जावयाचे पाय त्यांनी ताम्हणात धुतले होते. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घासही न घेणारे बाबा.

तिला पाहताच नंदकिशोर उठला.

"चटका कधी बसला?" तिने विचारलं.

"कळलंच नाही गं," मार्तंडराव म्हणाले. "पायांना काही लागतच नाही हल्ली. साखरेमुळे. गणपती बघायला आलो होतो ना तुझ्याकडे, तेव्हा यांनी घरी सोडलं. चेंबूर नाक्यापाशी मलाच वास आला. आधी वाटलं, कुठे रबर जळतंय."

बाकीचं तुकड्यातुकड्यांनी कळलं. जखम भरत नव्हती, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग होतं. रिक्षाच्या धक्क्यांनी ती पुन्हा उघडायची, म्हणून गाडीच नीट केली. क्षमाला सांगितलंत तर ड्रेसिंगला येणं बंद करीन, अशी शपथ बाबांनी घातली होती. जावयाकडून पाय धरून घेतोय हे मुलीने बघायला नको होतं.

"पण तू या वेळेला इकडे कशी?" मार्तंडरावांनी विचारलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यांच्या आवाजातली धास्ती तिने लगेच ओळखली. सात आठवडे ती तीच घेऊन फिरत होती. सहज आले, असं म्हणता आलं असतं.

"मला वाटलं, याच्या मागे कोणी मुलगी बसते," ती म्हणाली. "तेच तुम्हाला सांगायला आले होते."

नंदकिशोरचा चेहरा उतरला. "आणि तू मला एकदाच विचारलंस?"

"तू एकदाच खोटं बोललास. तेवढं पुरलं मला."

मार्तंडराव पट्टा सोडायला वाकले, पण पोट आड आलं आणि हात पोचेना. "जावईबापू, मला उतरवा," ते म्हणाले. "तुमच्या दोघांत माझं लचांड नको. मी बघेन माझं."

नंदकिशोर जागचा हलला नाही. तो क्षमाकडे बघत होता.

तिने पर्स खांद्यावर सारली, पदर खोचला आणि गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन खाली बसली. पट्टा तिने सोडून पुन्हा नीट बांधला, मग बँडेजची कड पत्र्याला लागत नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. बाबांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. तिने घोटा धरून ठेवला.

"हलू नका," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता, "चल, सुरू कर. मी बसने मागून दवाखान्यात येते. आणि डॉक्टरांशी मी बोलणार, तू नाही."