स्थिर ठेवलेला फोन

श्रियाच्या आईनं पुण्याहून एक लिंक पाठवली होती. फोन सपाट ठेवला की पडद्यावरच्या दिव्याची ज्योत शांत होते, मग हात जोडायचे. श्रियानं फोन ओट्यावर ठेवून हात जोडले आणि लिंक मलाही पाठवली. न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात आम्ही शेजारी राहतो.

मी सेन्सरवर काम करते. पानाचा कोड उघडून पाहिला. पान फोनच्या सेन्सरचे आकडे सतत बाहेर पाठवत होतं; एक ज्योत हलवायला इतके लागत नाहीत. मी पायातल्या रबरी जँडल्सवरच तिच्याकडे गेले.

"हा तू ऑकलंडला असतानाचाच फोन ना?"

"हो, पण पूर्ण रिसेट केलाय. सिम नवं, नंबर आई आणि तू सोडून कुणाकडे नाही. चांगला चालणारा फोन टाकून कसा द्यायचा?"

फोन किती वळला हे मोजणारा एक बारीक तुकडा आत असतो. फोन स्थिर असला तरी तो अगदी शून्य दाखवत नाही. प्रत्येक फोन आपापल्या तऱ्हेनं चुकतो, त्या चुकीवरून तो ओळखता येतो, आणि रिसेटनं ती चूक जात नाही. हे मी तिला सांगितलं.

ती खुर्चीत बसली. "शंतनूचं कामच ते. जाहिरातींसाठी फोन ओळखायचे. हाही त्यानं तेव्हा मोजून ठेवला असेल."

शंतनू तिचा नवरा; त्याला ऑकलंडला सोडून ती इथे आली होती. त्यानं तिला शोधू नये, असा कोर्टाचा आदेश होता.

"पत्ता कळला त्याला?" तिनं विचारलं.

"पत्ता नाही. पान उघडलं की इंटरनेटवरून शहर तेवढं कळतं. वेलिंग्टन, एवढं कळलं असेल."

"एवढं पुरे आहे, निवेदिता. इथली सगळी मराठी घरं एका हळदीकुंकवात सापडतात."

पोलिसांनी नीट ऐकून घेतलं आणि तिला काही दिवस दुसरीकडे राहायला सांगितलं. पण लिंक आईकडून आलेली, पान कुणीही बनवलेलं असू शकतं. ते शंतनूचंच कशावरून, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मला कामासाठी क्राइस्टचर्चला जायचं होतं. पान तिथे उघडल्यावर शंतनूला क्राइस्टचर्च कळलं, तर पान त्याचंच; म्हणून मी तिचा फोन मागितला.

"तिकडे कुणाच्या दारात जाऊन उभा राहील तो," श्रिया म्हणाली.

"विमानतळावरच उघडते. तिथे कुणाचं दार नाही."

तिनं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं आणि हा माझ्याकडे दिला.

विमानतळावरची टेबलं डगमगत होती. मी तिथलं वायफाय जोडून पान उघडलं आणि खांबाजवळ फरशीवर फोन ठेवला. सफाई करणाऱ्यानं माओरीत नमस्कार करत "किया ओरा, काही हरवलं का?" असं विचारलं. मी मान हलवली. ज्योत थरथरत राहिली, मग थांबली.

संध्याकाळी परतले. श्रिया मैत्रिणीच्या घरी होती, पडदे ओढलेले. बाहेर गाडी थांबली की आमचं बोलणं थांबायचं. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. श्रियानं स्पीकर लावला.

"अगं, क्राइस्टचर्चला गेलीस आणि मला सांगितलंही नाहीस? शंतनूराव विचारत होते, कुणाकडे उतरलीय म्हणून."

"आई, मी कुठेही गेले नाही. फक्त माझा फोन गेला होता. तू पाठवलेल्या लिंकवरून तो मला शोधतोय."

"काहीतरीच काय. दिवा होता गं तो. त्यांनीच पाठवला होता, सगळ्यांना पाठवा म्हणाले."

"त्यानं मोडलेल्या माझ्या मनगटाचा एक्स-रे तुला पाठवला होता, आई."

श्रिया फोनच्या जवळ सरकली.

"तो काय विचारत होता, ते पोलिसांना सांगशील?"

कुकरची शिट्टी झाली. आणखी एक झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मराठीत सांगितलं तर चालेल का त्यांना?" आईनं विचारलं.